खुंट्यांत कोंडलेलं तळं

हौसाबाई झोरे टपरीत चहा गाळत होत्या आणि मागे, त्यांच्या डोक्याच्याही वर, मासे पोहत होते. डोंगरावरच्या या तळ्याभोवती सरकारने विजेच्या खुंट्या रोवलेल्या. पाण्याची काय बिशाद ती ओळ ओलांडायची! पण बांध कोरल्याशिवाय आपल्या माणसाला झोप येते होय? अंगण वाढावं म्हणून ज्याने त्याने आपली खुंटी वीतवीत आत सारली. पसरायला जागा नाही म्हटल्यावर पाणी उभंच वाढलं, दोन पुरुष उंच.

"आता खुंट्या मागे घ्या रे," हौसाबाई म्हणाल्या.

"घ्या की काकू, आधी तुम्ही!" लॉजवाला मारुती बावधने हसला.

एकट्याने घेतली तर सगळं तळं तिथूनच धावणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी ठरलं, तीन म्हणताच सगळ्यांनी एकदम.

दुपारी काठभर माणसं आपापली खुंटी धरून उभी राहिली. मारुतीने आकडे मोजले. तीन म्हणताच हौसाबाईंनी खुंटी उपटली, हातभर मागे रोवली आणि मान वर केली.

बाकीचे खुंटी धरून तसेच उभे होते.

"बरं झालं काकू, तुम्ही सुरुवात केलीत," मारुती म्हणाला. त्याच्यासमोरचं पाणी झपाट्याने उतरू लागलं होतं.