पाव फेरा

शेवटचा छर्रा ग्रीसला चिकटून बसला होता. फिक्रीने तो नखाने उचलला, चिंधीवर पुसला आणि बाकीच्यांसोबत चहाच्या रिकाम्या पेल्यात टाकला. बापाच्या मोटारसायकलचे हँडल आजवर या छऱ्यांवर फिरत आले होते. दर हिवाळ्यापूर्वी ते काढून, धुऊन, एकेक करून परत बसवण्याचे काम फिक्रीखेरीज दुसऱ्या कोणी केले नव्हते.

“पेल्यात कशाला जपतोस? समुद्रात फेक!” रऊफ म्हणाला. धाकटा भाऊ परवाच सौदीतल्या दमामहून अलेक्झांड्रियाला आला होता आणि येताना निमुळत्या रोलरच्या बेअरिंगची जोडी घेऊन आला होता. “छर्रे वेचायचा त्रास संपला आता, उस्ता.”

दोघांचे वडील हाजी बयूमी गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. समोरच्या कहवेखान्यातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांचे सांगून झाले होते. आता जे नव्याने येऊन बसत होते, त्यांची पाळी होती.

“माझ्या रऊफनं आणलंय. विमानातून! कपड्यांच्या आधी बेअरिंग भरलं पोरानं बॅगेत.”

“कपडे इथंही मिळतात, बाबा,” फिक्री वर न पाहता म्हणाला.

“आणि असलं बेअरिंग?”

फिक्रीने नव्या बेअरिंगला ग्रीस भरायला घेतले. सगळी गल्ली त्याला उस्ता म्हणत असे, कारण तो कारागीर होता. बापही उस्ताच म्हणत असे. हा मान आहे, असे तो कालपर्यंत समजत होता. ‘माझा फिक्री’ हे शब्द आपण कधी ऐकल्याचे त्याला आठवेना.

पुढच्या चाकाचा फोर्क जागेवर चढला. फिक्रीने पाना लावला.

“बेअरिंगसोबतच्या कागदावर लिहिलंय,” रऊफ म्हणाला, “खेळ गेला की थांबायचं. रोलरला जास्त आवळलेलं चालत नाही.”

“पाना कसा धरायचा, तेही लिहिलंय का?”

“बरं बरं, चुकलो. तू उस्ता.”

फिक्रीने नट आवळला. हँडलमधला खेळ, म्हणजे ढिलेपणा, गेला. मग त्याने आणखी पाव फेरा दिला. छऱ्यांसाठी तो पाव फेरा योग्य होता. चार दिवस गाडी चालली की ते आपोआप बसत. पण छर्रा टेकतो एका बिंदूवर, रोलर टेकतो आपल्या पूर्ण लांबीवर. तितक्याच आवळण्याने तो कितीतरी जास्त अडतो. बेअरिंग हातात घेताक्षणी फिक्रीला हे कळले होते. हाताच्या सवयीला दोष देणे सोपे होते. परंतु हात क्षणभर थांबला होता, आणि त्यानंतर फिरला होता.

इंजिनाखाली खोके सरकवून पुढचे चाक अधांतरी केलेले होते. फिक्रीने हँडलला बोटाने हलकेच ढकलले. ते स्वतःच्या वजनाने बाजूला पडायला हवे होते. ते अर्ध्यावर थांबले. रऊफ तेव्हा बापाचा फोटो काढत होता.

“झालं?” हाजी बयूमींनी विचारले.

“झालं.”

दुपारची नमाज आटोपली होती आणि धूळ बसावी म्हणून दुकानदारांनी गल्लीत नुकतेच पाणी मारले होते. म्हाताऱ्याने किक मारली, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन तो परत आला. चेहरा उजळला होता.

“लोणी! निव्वळ लोणी! इतकी वर्षं मी ती खडखड का ऐकत होतो, देव जाणे.”

ती वर्षे फिक्रीची होती.

त्याने बापाच्या मागे पाहिले. ओल्या मातीत टायरच्या दोन रेघा उमटल्या होत्या, जातानाची आणि येतानाची. दोन्ही सापासारख्या वळवळत, कडेच्या ओट्यांकडे झुकून कशाबशा परतलेल्या. बाप हँडलशी झुंजत आला होता आणि त्याला लोणी म्हणत होता. दमामहून आले असते तर त्याने चौकोनी चाकाचेही कौतुक केले असते.

“अबू कीरपर्यंत जाऊन येतो. रऊफ, बस मागं.”

रऊफ बसला. अबू कीरच्या रस्त्यावर या वेळी मिनीबस एकमेकींच्या अंगावर जात असत. गाडी तिथे कुठेतरी आडवी होणार, आणि दोष रोलरवर जाणार. फिक्रीचे गणित अचूक होते. फक्त त्यात बाबा पडत होते.

“थांबा. उतरा.”

“आता काय?”

“उतरा म्हणतो ना! दोघंही.”

त्याने खोके पुन्हा इंजिनाखाली सरकवले आणि नट पाव फेरा सैल केला.

“काय उस्ता, हेवा वाटतोय का?” म्हातारा कहवेखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. “तुझे छर्रे गेले, तर माझं चांगलं चाललेलंही बघवेना?”

कहवेखाना हसला. रऊफही हसला. फिक्रीने हँडलला बोट लावले. ते अलगद निघाले आणि आपल्याच वजनाने कडेला जाऊन टेकले.

“जा आता.”

गाडी निघाली. गल्लीच्या टोकावरून बापाचा आवाज आला, “बघ रऊफ, बसले रोलर! पहिल्या फेरीला जरा लाजत होते, एवढंच!”

मग इंजिनाचा आवाजही विरला. ओल्या गल्लीत दोन वेड्यावाकड्या रेघा उरल्या होत्या, आणि त्यांना छेदत गेलेली तिसरी, पट्टी धरून ओढल्यासारखी सरळ.

फिक्रीने नळाला लावलेला पाइप उचलला. त्याने सरळ रेघ आधी पुसली.