आजच्या दिवस

ताडकळस गावचं बघणाऱ्या शिवशंकरनं काम सोडल्यापासून झरी आणि ताडकळस, दोन्हीकडची पार्सलं व्यंकटीच्याच मोटारसायकलवर लादली जात होती. "आजच्या दिवस तूच उरकून घे," मॅनेजर रोज म्हणायचा.

भर दुपारी व्यंकटीनं झरीत कडूबाईच्या दारात गाडी लावली, पार्सल काढलं आणि ओटीपी मागितला.

"मघाशीच सांगितला की रे बाबा," कडूबाई म्हणाली. "पार्सल दिलंस, पाणी पिऊन गेलास."

ओट्यावर खरंच पार्सल होतं. त्यावर तेच नाव होतं, कोपऱ्याला तसाच तेलाचा डाग. दुसरं व्यंकटीच्या हातात होतं.

पुढच्या घरीही तेच झालं. त्याच्या पुढच्याही. बॅग मात्र हलकी होईना.

सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. त्यानं बायकोला फोन लावला. "राणी, मला कसंतरीच व्हायलंय. घरी यायलोय."

"कोण बोलायलंय?" राणी घाबरून म्हणाली. "ह्यांचा फोन तुमच्याकडं कसा? हे तर हितं जेवायलेत."

फोनमध्ये तिच्या मागून कुणीतरी भाकरी चावत बोललं. आवाज व्यंकटीचाच होता.

"त्याला म्हण, आजच्या दिवस ताडकळसचं बी तूच उरकून घे."