राहिलेले प्रश्न

सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर वर्गात आज प्रात्यक्षिक होतं. घरातलं माणूस गेलेल्यांना मृत्यूचं कारण कसं विचारायचं, याचं. एकाने छापील प्रश्न विचारायचे, दुसऱ्याने चिठ्ठीत लिहिलेल्या मृताचा नातेवाईक व्हायचं. मी, दातांची डॉक्टर, विचारणारी. समोर वर्गातल्या नर्सताई.

“घरातलं कोण गेलं?”

“मुलगी. सहा वर्षं, दोन महिने.”

“ताप किती दिवस होता?”

“चार. पाचव्या दिवशी उतरला. वाटलं, सुटलो.”

“शेवटी शुद्धीत होती?”

“होती. दप्तर भरलंस का, विचारत होती.”

“ताई, तुम्ही नाटकातच जायला हवं होतं!” मी हसले.

तास संपला. सर चिठ्ठ्या गोळा करत आले. ताईंच्या चिठ्ठीची पिनसुद्धा निघालेली नव्हती. सरांनी ती उघडून वाचली, “मृत व्यक्ती: सासरे, वय सत्तर.”

मी ताईंकडे वळले. “ताई, मला थांबवायचं तरी!”

“कशाला? चार वर्षं झाली. तिचं नाव निघालं की लोक विषय बदलतात. इतकं बारीक कुणी विचारलंच नाही गं.”

त्यांनी प्रश्नावली माझ्याकडे सरकवली.

“अजून अकरा राहिलेत. विचार.”