ओजसची उडी
उन्हाळ्याच्या सुट्टीत श्रुती सहा वर्षांच्या ओजसला घेऊन नाशिकहून नवऱ्याकडे सौदीतल्या राबिघला आली. वर्षभरानं बायकोमुलासोबत राहायला मिळणार म्हणून इंद्रनील हरखून गेला होता. ओजसला मीच पोहायला शिकवणार, असं त्यानं फोनवर कबूल केलं होतं. पण नेमकं रिफायनरीत देखभालीच्या शटडाऊनचं काम निघालं आणि तो पहाटे जाऊन अंधार पडल्यावर परतू लागला. शेवटी श्रुतीनं ओजसला ते राहत होते त्या कंपाउंडमधल्या पोहण्याच्या क्लासला घातलं. परत जायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, इंद्रनीलला एकदाची सुट्टी मिळाली. तिघं पोहण्याच्या तलावावर गेले. इंद्रनील आधी पाण्यात उतरला आणि हात पसरून उभा राहिला. "मार उडी! मी धरतो." ओजस काठावर आला, वाकला आणि थबकला. "सर कुठेयत?" "अरे, मी आहे ना!" "नो बाबा, यू मूव्ह. सर विल कॅच मी." काठावर बसलेली श्रुती घाईनं म्हणाली, "ओजस, बाबा धरतायत ना? मार उडी." ओजस रडवेला झाला. पलीकडे दुसऱ्या मुलांना शिकवणारे केरळी सर अवघडून पुढे आले. "भाईसाब, बच्चा है, डरता है," ते म्हणाले. इंद्रनील बाजूला सरकला. ओजसनं डोळे मिटून बिनधास्त उडी घेतली आणि सरांच्या गळ्यात पडून तो खळखळून हसला. "बाबा, डिड यू सी?" अजून पसरलेल्याच हातांचं काय करावं, ते इंद्रनीलला कळेना. त्यानं टाळ्या वाजवल्या.