तेलवाला याकुप

टँकर चढाला लागल्याचा आवाज आला, तशी ओलुवाने खुंटीवरची घोंगडी ओढली आणि ती परसात धावली.

भिंतीला लागून नवा हीट पंप आपल्या नादात घुमत होता. गेल्याच आठवड्यात तिच्या लेकीने, रान्वाने, राजधानी तोर्शावनहून माणसं पाठवून तो बसवून घेतला होता. फेरो बेटांच्या टोकावरच्या त्या गावात तेल जाळून ऊब घेणारं हे शेवटचं घर. "आई, धूर नाही, वास नाही. या गार वाऱ्यातूनच ऊब ओढून घेतो तो," रान्वा म्हणाली होती. सगळं खरं निघालं. पण तेलवाल्या याकुपला सांगायचं कसं? दोघांचेही केस काळे होते तेव्हापासून तो या घरी तेल घालायला येत होता.

तिने घोंगडी पंपावर टाकली, कडेने नीट खोचली. "घटकाभर गप बस बाबा," असं त्याला बजावून ती आत आली, तोवर याकुप दारात बूट काढत होता.

खिडकीजवळच्या खुर्चीत तो बसला. ओलुवाने कॉफी ओतली, वाऱ्यावर वाळवलेल्या मटणाचे पातळ काप पुढे ठेवले. याकुपने एक तोंडात टाकला, सावकाश चावला. मग त्याचं चावणं थांबलं.

"बाई, मेंढी आजारी आहे का?"

"कुठली मेंढी?"

"भिंतीमागे कण्हतेय ती."

"वारा असेल."

"मग वाऱ्याला दमा झालाय," म्हणत तो उठला.

ओलुवा त्याच्या मागोमाग परसात गेली. तोंड लपवावं तर आता जागा नव्हती. याकुपने घोंगडी ओढून काढली. पंपाने मोठा सुस्कारा सोडला आणि तो पुन्हा सुरळीत फिरू लागला.

"असा श्वास कोंडू नये याचा," याकुप म्हणाला. "मी पहिल्या वर्षी माझ्या पंपावर जाळं वाळत घातलं होतं. बिघडायचाच राहिला."

"तुझ्या पंपावर?"

"घरी बहीण असते, ती ऐकेना. तीन वर्षं झाली बसवून."

ओलुवाचे हात कमरेवर गेले. "स्वतः पंपाच्या उबेत लोळतोस आणि मला तीन वर्षं तेल विकतोस?"

"तुम्ही घेत होता की."

"मी घेत होते, कारण..."

याकुपने घोंगडीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"विकायचंही तेच कारण," तो घोंगडीकडे बघत म्हणाला.

खालच्या धक्क्यावर कुणाची तरी नाव बांधली जात होती. दोघं तिकडेच बघत राहिले, जणू आयुष्यात पहिल्यांदाच नाव बघत होते.

मग त्याने सांगितलं. रान्वाचा कंपनीत फोन आला होता, टाकीत उरलेलं तेल उपसून न्या म्हणून. कंपनी दुसऱ्या कुणाला पाठवणार होती. "मी म्हटलं, ते घर माझं आहे. म्हणजे, माझ्या फेरीतलं." टँकरची ही शेवटचीच फेरी. उद्यापासून तोही घरी, टँकरही शेडमध्ये.

त्याने पाइप लावला, तेल उपसलं. टाकी रिकामी होत गेली तसतसा तिचा आवाज पोकळ होत गेला. पाइप गुंडाळायला त्याला नेहमीपेक्षा फार वेळ लागला. ओलुवाने उरलेलं मटण फडक्यात बांधून त्याच्या हातात दिलं. आता निघायलाच हवं होतं. टँकरच्या पायरीवर ठेवलेला पाय याकुपने खाली घेतला.

"आतल्या खोलीत, दाराच्या वर पंपाचा डबा लावलाय ना, त्यात एक जाळी असते. अधूनमधून काढून धुवावी लागते. नाहीतर ऊब कमी होते. जमेल तुम्हाला?"

"छे," ओलुवा म्हणाली. "माझा हात कुठला पोहोचायला तिथवर?"

याकुपने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिच्याशी बोलताना त्याला नेहमीच मान वर करावी लागायची.

"खरंय," तो म्हणाला. "नाहीच पोहोचायचा. गुरुवारी येतो."