आवाज मोजणारी

चैतूभाऊने नंदिनीच्या हातून लॅपटॉप ओढून घेतला आणि गोटुलासमोर, गावाच्या बैठकीच्या जागी, जमलेल्या लोकांना दाखवला. "पाहा! हा कोनता डोंगर आहे? सांगा!"

पडद्यावर एक हिरवी रेघ होती. डावीकडून चढलेली, मध्येच खड्ड्यात उतरलेली, पुन्हा वर गेलेली. लोक वाकून वाकून पाहू लागले. डोंगरच तो, दुसरं काय! मधली खिंडसुद्धा जिथल्या तिथं.

"डोंगर नाई तो," नंदिनी म्हणाली. "आवाज आहे. मी आवाज मोजून राह्यली."

"आवाज मोजते म्हने!" ठमाबाई फिसकन हसली. "कुडवानं का पायलीनं वं?"

हसले सगळे, पण वरवर. चार वर्षांपूर्वी बाहेरून असेच तिघं आले होते. तिपाई, लॅपटॉप, कसलंसं यंत्र. पाखरं मोजतो म्हणाले. गावानं कोंबडं कापून पाहुणचार केला. पावसाळा सरला आणि डोंगरावर खाणीच्या लाल झेंड्या लागल्या. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आणि ही तर परकी कोणी नव्हे, गावातल्याच बुधूची पोरगी! चंद्रपूरला आयटीआय करून आली ती तिपाई घेऊनच आली. मैदानात मचाण बांधलं, त्यावर लाकडी डबा ठेवला, डब्यासमोर माईक. रोज दुपारी तो डबा बूऽऽ करत सुरू व्हायचा आणि चढत चढत कीऽऽ करून थांबायचा. कुत्री रडायची. बरं, बाजाराच्या दिवशी पोरगी अहेरीला जायची ती भाजीला नव्हे, तिथं नेटवर्क मिळतं म्हणून. काय पाठवते? कोणाला? हे चैतूभाऊनेच सगळ्यात आधी विचारलं होतं, आणि दोन महिने तोच विचारत होता.

"पाठवत नाई, भाऊ. शिकाचे व्हिडिओ घेऊन येतो," नंदिनी म्हणाली. "डब्यात दोन स्पीकर आहेत. मोठ्यातून जाड आवाज निघते, लहानातून बारीक. कोनाकडे काय जाईल, ते मधली कॉइल आन कंडेन्सर ठरवते. आन मानसाचे शब्द बराबर त्या दोघांच्या सांध्यावर पडते. सांधा चुकला का शब्द मेला. हा खड्डा तोच, जुन्या कॉइलचा. इथी लॅपटॉपवर कॉइल बदलून पाहाची, खड्डा भरला का मंग खरी कॉइल गुंडाळाची. कालच गुंडाळली."

"मंग बूऽ बूऽ काऊन करते?" बिरजूने विचारलं.

"पयले मी स्पीकरवर छापलेले आकडेच टाकले. रेघ कशी सरळ आली! आन डबा बोलला तं फाटका. छापलेल्यावर भरोसा नाई ठेवाचा, आपला स्पीकर आपनच बूऽ ते कीऽ वाजवून मोजाचा."

"आन हे सारं कायले?" नीलाबाई, तिची माय, हळूच म्हणाली. तिलाही पोरीची खात्री वाटेनाशी झाली होती.

"मंगळवारी सुनावणी आहे ना, माय."

मागची सुनावणी कोण विसरेल! गावातर्फे चैतूभाऊ बोलायला गेला होता. लोकांना पार मागं, बांबूच्या कठड्याआड बसवलेलं. साहेब भोंग्यावर बोलले तेही भूंऽ भूंऽ, चैतूभाऊ बोलला तेही भूंऽ भूंऽ. कागदावर आलं, गावाची हरकत नाही. तेव्हापासून गाव त्या भोंग्याला शिव्या घालत होतं. चैतूभाऊनं किती ठणकावून सांगितलं असेल, आणि मेलं एक अक्षर पोचू नये!

"या खेपेले डबा आपला," नंदिनी म्हणाली. "मांगच्या बाईलेबी शब्द न शब्द आयकू जाईन."

"काई गरज नाई!" चैतूभाऊ एवढ्या जोरात ओरडला की ठमाबाई दचकली. "पयले मशीन येते, मंग झेंड्या येते. फोडा तो डबा!"

बिरजू आणि आणखी दोघं मचाणाकडे निघाले. नंदिनी धावत जाऊन आडवी आली. "फोडा! पन एकदा आयका, मंग फोडा."

"आयकाले काय जाते?" ठमाबाई म्हणाली. तिला आता मजा वाटू लागली होती.

नंदिनीने बॅटरी जोडली, हातातला माईक आणला आणि चैतूभाऊसमोर धरला. "तुमीच बोला, भाऊ. त्या दिवशी बोलले होते तेच बोला. गावाचं आयकाचं राह्यलंच आहे."

"हो हो! बोला, भाऊ, बोला!" एकदम गलका झाला. म्हातारे पुढं सरकले, बायांनी लेकरांना गप्प केलं. बिरजू डबा फोडायचं विसरून पार नाल्यापलीकडच्या मोहाच्या झाडापर्यंत पळत गेला, तिथवर ऐकू येतं का पाहायला.

चैतूभाऊने माईक घेतला. तो नुसता खाकरला, आणि तिकडून बिरजूने हात वर केला. लोकांनी टाळ्याच वाजवल्या. आता त्याचा श्वाससुद्धा शेवटच्या माणसापर्यंत जात होता. त्याने नंदिनीकडे पाहिलं, मग टाळ्या पिटणाऱ्या गावाकडे.

"त्या दिवशी भोंग्याचा कसूर नोहता," मग तो म्हणाला, आणि शब्द न शब्द नाल्यापलीकडे गेला. "मी भेलो होतो. जोहार साहेब म्हनलो आन खाली उतरलो. मी बोललोच नोहतो."