जुळ्यांचं बिनसलं तेव्हा

आभासी राजगडाच्या माथ्यावर विहंगच्या आणि ओजसच्या मोबाइलमधल्या, जोडीदार शोधणाऱ्या डिजिटल जुळ्यांचं कडाक्याचं वाजलं आणि जमत आलेलं मोडलं. हल्ली जुळ्यांचं जमलं तरच माणसं एकमेकांना भेटत. तरी आपल्या जुळ्याच्या वतीने माफी मागावी म्हणून विहंगने ओजसला दुसऱ्या मजल्यावरच्या कॅफेत बोलावलं. दोघंही धापा टाकतच पोचले.

“तुम्ही तर गडांचे वेडे ना?” ओजसने घाम पुसत विचारलं.

“वेडा जुळा आहे. पोरं भाळतात म्हणून मीच त्याला तसं पढवलं.”

“अहो, मीही तेच केलं!”

दोघं खदखदून हसले. तेवढ्यात दोन्ही फोन किणकिणले : ‘हे स्थळ योग्य नाही. निघा.’

विहंगने दोन्ही फोन पालथे घातले. “अजून एकेक चहा?”

“सांग,” ओजस म्हणाला. “एवढ्यात काही मला जिना उतरवणार नाही.”